हिवाळ्यातील डोंगरफेरी आणि आपली मुले-नातवंडे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा तो धान्यबाजारातील तेजी-मंदीवर असेल अशी मंडळाची अपेक्षा असावी. पंचेचाळीस वर्षे बेळगावच्या रविवार पेठेत घाऊक धान्याच्या पेढीवर बसलेल्या आणि मॅट्रिकपर्यंतच शिकलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करावयाची? परंतु बाजारभाव आपणा सर्वांस रोज सकाळी मोबाईलवर कळतात. वर्षाकाठी निघणाऱ्या पुस्तकात शिळे भाव वाचून कोणाचेच समाधान व्हावयाचे नाही. म्हणून संपादकांची क्षमा मागून मी निराळाच विषय घेतला आहे. हिवाळ्याच्या दिवसांत घरातील लहान मुलांना घेऊन जवळपासच्या टेकड्या-डोंगरांवर पायी कसे जावे, कोठे जावे आणि कोणत्या चुका टाळाव्यात, एवढेच मला सांगावयाचे आहे. त्यांतील चुकांविषयी मी अधिकाराने बोलू शकतो, कारण त्या मी स्वतः केलेल्या आहेत.

पायी चालण्याचा वारसा

डोंगर चढणे ही आपल्या समाजास नवी गोष्ट नव्हे. चातुर्मासात पावसाने जमिनीवर हिरवे अंकुर आणि असंख्य सूक्ष्म जीव उत्पन्न होतात. त्यांची विराधना होऊ नये म्हणून मुनिजन एका ठिकाणी राहतात आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा विहारास निघतात. पालिताण्याच्या शत्रुंजयाची यात्राही चातुर्मासात बंद राहून कार्तिकी पौर्णिमेस सुरू होते. सम्मेदशिखरजीची वंदना म्हणजे नऊ किलोमीटरचा चढ, नऊ किलोमीटर टोंकांची फेरी आणि नऊ किलोमीटरचा उतार. गिरनारच्या पायऱ्यांची संख्या दहा हजारांच्या घरात आहे. आपले आजे-पणजे ही क्षेत्रे पायांनी चढले. आपल्यापैकी पुष्कळ जण मात्र पन्नाशी उलटल्यावर डोलीत बसून वर जातात. त्यात काही पाप आहे असे नव्हे. परंतु चाळीस वर्षे गादीवर बसून एका दिवसात सत्तावीस किलोमीटर चालू म्हटले, तर गुडघे त्यास संमती देत नाहीत.

हा दोष पायांचा नसून सवयीचा आहे आणि सवय बालपणी लागते. व्यापाऱ्यांच्या घरातील मुले शाळा, शिकवणी आणि घर या त्रिकोणात वाढतात. सुट्टीच्या दिवशीही वडील दुकानात असतात, नाहीतर दुकानाचा हिशेब घरी आलेला असतो. माझ्या घरी हेच होते. म्हणून प्रथम घरची हकीगत सांगतो.

१९९६ सालची एक संध्याकाळ

१९९६ च्या डिसेंबरातील एका रविवारी मी मुलांना वैजनाथाच्या डोंगरावर नेण्याचे कबूल केले होते. चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचा होता, मुलगी सहा वर्षांची. सकाळी सातास निघावयाचे ठरले. मुले सहा वाजल्यापासून बूट घालून पायरीवर बसली होती. परंतु पहाटे येणारी तुरीची गाडी उशिरा आली. ‘एवढा माल उतरवून घेतो आणि निघतो,’ असे म्हणत म्हणत बारा वाजले. शेवटी पेढीच्याच मालवाहू मेटॅडोरमध्ये आम्ही चौघे बसलो आणि शिनोळीवरून देवरवाडीस पोहोचेपर्यंत सव्वा वाजला. देवदर्शन आणि जेवण उरकून दोन वाजता आम्ही महिपालगडाकडे चढू लागलो.

चौघांत मिळून पाण्याची एक बाटली होती. मुलीच्या पायांत नवे कॅनव्हासचे बूट होते; ते त्याच दिवशी पेटीतून निघाले होते. अर्ध्या वाटेवर टाच सोलवटून ती खाली बसली आणि रडू लागली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘परत फिरू या.’ मी म्हणालो, ‘एवढे आलोच आहोत, आता थोडेच राहिले.’ बाजारात बोली लावताना आपण जसे ईरेस पेटतो, तसा मी त्या डोंगराशी ईरेस पेटलो होतो. पोरीला कधी ओढत, कधी खांद्यावर घेत पावणेपाचास आम्ही वर पोहोचलो. वर पाहण्यासारखे पुष्कळ होते, परंतु पाहण्यास कोणाच्या अंगात त्राण उरले नव्हते.

उतरताना वेळ वाचविण्यासाठी मी आल्या वाटेने न जाता आडवाट धरली. काजूच्या झाडीत ती वाट संपली आणि सूर्य मावळला. बरोबर बॅटरी नव्हती. हाका ऐकून गावातील एक शेतकरी बॅटरी घेऊन आला आणि त्याने आम्हांस आपल्या घरी नेले. तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. त्या माउलीने चुलीवरचा गरम भात आणि दूध मुलांपुढे ठेवले. मुलगी जेवली. चिरंजीवाने ताट हाताने बाजूस सारले. त्या वर्षीच्या दशलक्षण पर्वात त्याने एक वर्ष रात्री न जेवण्याचा नियम घेतला होता.

‘अण्णा, सूर्य मावळला ना,’ एवढेच तो म्हणाला. त्याच्या आईने पुष्कळ विनविले, मीही सांगितले की लहान मुलास अशा वेळी सूट असते. त्याने फक्त पाणी घेतले. परतीच्या वाटेवर मेटॅडोरमध्ये पोत्यांच्या घडीवर तो उपाशी झोपला आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर जेवला. त्याने ना तक्रार केली, ना त्या दिवसाचा पुढे कधी उल्लेख केला.

नऊ वर्षांच्या पोराने आपला नियम पाळला होता. सातास निघण्याचा शब्द मात्र सदतीस वर्षांच्या बापाने मोडला होता. या गोष्टीचा बोभाटा कोठेही झाला नाही. परंतु त्यानंतर पंचवीस वर्षे आमच्या घरातून कोणीही डोंगरावर गेले नाही. मुलांनी पुन्हा ‘जाऊ या’ म्हटले नाही आणि ती का म्हणत नाहीत हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

पुन्हा आरंभ

२०२० सालच्या टाळेबंदीत घरातील मुले महिनोन्महिने चार भिंतींत राहिली. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात माझा सहा वर्षांचा नातू गच्चीवर उभा राहून येळ्ळूरच्या गडाकडे बोट दाखवीत म्हणाला, ‘आज्जा, तिथे जाऊ या का?’ मी चिरंजीवाच्या तोंडाकडे पाहिले. आता तोच पेढीचा अर्धा भार वाहतो. क्षणभर थांबून तो म्हणाला, ‘जाऊ या अण्णा. पण निघायची वेळ मी ठरवीन आणि परत फिरायची वेळ हा लहानगा ठरवील.’

मला ही अट मान्य करणे प्राप्तच होते. तेव्हापासून प्रत्येक हिवाळ्यात आम्ही चार-पाच वेळा सहकुटुंब बाहेर पडतो. या फेऱ्यांतून जे शिकलो ते पुढे देत आहे.

वेळेचे गणित

आमच्या भागात डोंगरफेरीचा काळ म्हणजे कार्तिक अखेरीपासून माघापर्यंत, नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचावर आणि सह्याद्रीच्या अगदी काठावर वसलेले असल्याने येथील पावसाळा मोठा असतो. ऑक्टोबरात वाटा निसरड्या राहतात आणि गवत कमरेइतके वाढलेले असते. मार्चपासून ऊन सोसवत नाही. मधल्या काळात वाट कोरडी, हवा स्वच्छ आणि सावली थंड असते.

मात्र हिवाळ्याचा दिवस लहान असतो. डिसेंबराच्या मध्यास आमच्याकडे सूर्य सातास दहा-एक मिनिटे असताना उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. डोंगराच्या पूर्व अंगास तर त्याच्या बऱ्याच आधी सावली पडते आणि गारठा सुरू होतो. आपल्या घरी सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपावयाचे असते. म्हणजे पाच-साडेपाचास पाने मांडली गेली पाहिजेत आणि त्यासाठी साडेचारापर्यंत सर्वांनी पायथ्याशी आलेच पाहिजे. हा हिशेब उलटा मांडीत गेले की निघण्याची वेळ आपोआप निघते. उतरण्यास दीड तास धरला, तर तीन वाजता वरून निघणे भाग आहे. मुलांबरोबर असताना मी यातही दोन तासांची शिल्लक ठेवतो आणि एक वाजता, जेथे असू तेथून परत फिरतो.

पहाडात वावरणारी अनुभवी माणसे ‘अंधार पडण्यापूर्वी खाली या’ असे बजावून सांगतात. तीच शिकवण आपल्या घरात पिढ्यानपिढ्या ताटाच्या रूपाने चालत आली आहे. १९९६ साली मी तो एक नियम मनात धरून घड्याळ लावले असते, तर त्या रात्री मुलगा उपाशी झोपला नसता.

चालीचे माप

धडधाकट माणूस सपाटीवर तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. सहा वर्षांचे मूल चढावर तासाला दीड किलोमीटर चालले तरी पुष्कळ झाले. शिवाय ते सरळ चालत नाही. मुंग्यांची रांग दिसली की थांबते, गुळगुळीत दगड सापडला की खिशात घालते. या थांबण्यास आपण वेळेचा अपव्यय समजतो. मुलाच्या लेखी डोंगरावर येण्याचे कारणच ते असते. म्हणून पुढे सर्वांत लहान मूल आणि त्याच्यामागे बाकीची मंडळी, असा क्रम ठेवावा. मोठी माणसे पुढे गेली की लहान मूल धापा टाकीत धावते, पुढची मंडळी त्याच्यासाठी थांबतात आणि ते पोहोचताच पुन्हा चालू लागतात. विश्रांती सर्वांस मिळते, फक्त ज्याला हवी त्याला मिळत नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलास जाऊन-येऊन तीन किलोमीटर, आठ-दहा वर्षांच्या मुलास सहा किलोमीटर, हे माप आम्हांस सोयीचे पडले. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे बसावे. पाणी निम्मे संपले की, शिखर कितीही जवळ दिसो, माघारी वळावे. मुद्दलास हात लागण्यापूर्वी सौदा थांबवावा हे आपण पेढीवर मुलांस शिकवितो. येथेही तेच लागू आहे. उतरण्यासाठी मुलाच्या अंगात निम्मी शक्ती शिल्लक राहिली पाहिजे, कारण पाय घसरतात ते बहुधा उतरतानाच.

कपडे आणि शिदोरी

सकाळी गारठा असतो आणि दहा वाजता घाम येतो. म्हणून एकच जाड कोट न घालता सुती सदरा, त्यावर स्वेटर आणि कानटोपी असे थर असावेत, म्हणजे ऊब वाढेल तसा एकेक काढता येतो. विजार पूर्ण लांबीची हवी. हिवाळ्यात वाळलेल्या गवताची कुसळे पोटऱ्यांना टोचून मुलांस बेजार करतात. बूट निदान पंधरा दिवस वापरलेले असावेत. नव्या बुटांविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

पाणी घरूनच गाळून, उकळून न्यावे. प्रत्येक मुलामागे एक लिटर आणि मोठ्या माणसामागे दोन. खाण्यात दुधातल्या दशम्या, ज्वारीची भाकरी, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, तिळगुळाच्या वड्या, फुटाणे आणि केळी असावीत. हे पदार्थ दिवसभर टिकतात, पोटास आधार देतात आणि डोंगरावर चूल पेटविण्याचे कारण राहात नाही. एकदम पोटभर न देता तासा-तासाने थोडे थोडे द्यावे. चार-पाच वर्षांच्या आतील मुलांना चालता चालता शेंगदाणे-फुटाणे देऊ नयेत; ते घशात अडकण्याचे भय असते.

प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक शिट्टी बांधावी आणि दोन गोष्टी घरीच पढवून ठेवाव्यात. चुकामूक झाली तर शोधत भटकू नये, असेल तेथेच बसावे. आणि तीन वेळा शिट्टी वाजवून थांबावे, पुन्हा तीन वेळा वाजवावी. दिवसाउजेडी परतावयाचे असले तरी बॅटरी जवळ असावी. कापूस, पट्टी आणि जंतुनाशक मलम यांची लहानशी पुडी पुरे होते.

कोठे जावे

पहिला दिवस बेळगावच्या किल्ल्यातच घालवावा. येथे चढ मुळीच नाही. तलावाच्या काठाने चालत किल्ल्यात शिरावे आणि कमल बस्तीचे दर्शन घ्यावे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली ही बस्ती बांधविली. मूलनायक भगवान नेमिनाथ असून छतातील दगडी कमळावरून बस्तीस हे नाव पडले आहे. शेजारीच चिक्की बस्तीचे अवशेष आहेत. मुलांस जमिनीवर उताणे निजवून ते कमळ पाहावयास सांगावे. आमचा नातू पाकळ्या मोजता मोजता तीनदा चुकला आणि तीनदा पुन्हा आरंभ करून बसला. पायांची परीक्षा व्हावी, बूट चावतात की नाही ते कळावे, यासाठी ही फेरी उत्तम.

दुसरे ठिकाण येळ्ळूरचा राजहंसगड. शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटर अंतर आहे. आता रस्ता वरपर्यंत गेला असल्याने पुष्कळ मंडळी मोटारीने दारापर्यंत जातात. आपण वाहन खालीच ठेवून चालत जावे. गडाची तटबंदी आणि दरवाजा पाहण्याजोगे असून आत सिद्धेश्वराचे देऊळ आहे. २०२३ साली येथे शिवछत्रपतींचा भव्य पुतळा उभारण्यात आल्यापासून सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. तेव्हा सकाळी लवकर जाणे बरे.

धान्याच्या व्यापाऱ्याने तर हा गड नातवंडांस अवश्य दाखवावा. खाली येळ्ळूरचे शिवार पसरलेले असते. बेळगावचा बासमती म्हणून जो सुवासिक तांदूळ आपण विकत आलो, तो याच पट्ट्यातील. डिसेंबरात भाताची कापणी होऊन गवताच्या गंज्या रचलेल्या असतात आणि भात निघालेल्या रानात मसूर, वाटाणा, हरभरा यांची हिरवी पिके उभी असतात. परतताना एका खळ्यावर आम्ही थांबलो. मालकाच्या परवानगीने मी दोन ओंब्या उचलून नातवाच्या तळहातावर ठेवल्या आणि चोळावयास सांगितल्या. तूस उडून पांढरा दाणा निघाला तेव्हा तो मला म्हणाला, ‘आज्जा, हा तर तांदूळ! पोत्यात असतो तो!’ धान्याच्या पेढीवरील घराण्यात चौथ्या पिढीत जन्मलेल्या मुलास तांदूळ पोत्यात पिकतो असे वाटावे, याचा दोष त्या मुलाकडे नाही.

तिसरे ठिकाण चंदगड तालुक्यातील देवरवाडीचा वैजनाथ. वेंगुर्ल्याच्या रस्त्याने शिनोळीपर्यंत जाऊन आत वळावे. डोंगराच्या कुशीत जुने दगडी देऊळ आणि भोवती दाट झाडी आहे. लहान मुलांची फेरी देवळाच्या परिसरातच पुरी होते. आठ-दहा वर्षांच्या मुलांस वर महिपालगडाकडे नेता येईल. या गडाचे वैशिष्ट्य असे की, गडावरच गाव वसलेले आहे. वाट विचारण्यास लाजू नये आणि ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने उतरावे.

थोडा लांबचा प्रवास करावयाचा असेल तर निपाणीजवळील स्तवनिधी सोयीचे आहे. पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर तवंदी घाटाच्या परिसरात हे क्षेत्र असून पार्श्वनाथ भगवंतांचे आणि क्षेत्रपाल ब्रह्मदेवाचे दर्शन घडते. दर्शन करून आजूबाजूच्या माळावर तासभर चालले, तरी लहान मुलांस तेवढे पुरते.

आणि सर्वांत आनंदाची फेरी म्हणजे कुंभोजचा बाहुबली डोंगर. हातकणंगल्याहून तो जवळ आहे. गुरुदेव समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने १९३४ साली येथे ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला आणि १९६३ साली बाहुबली भगवंतांच्या सुमारे २८ फूट उंचीच्या शुभ्र संगमरवरी मूर्तीची स्थापना झाली. डोंगरावरील मंदिरांपर्यंत पायऱ्या आहेत. वाट बांधलेली, भोजन-निवासाची सोय आणि वातावरण आपलेसे; त्यामुळे आजी-आजोबा आणि शाळकरी मुले एकत्र चढू शकतील असे याहून सुलभ ठिकाण माझ्या पाहण्यात नाही. शिखरजीस जाण्याचा ज्यांचा संकल्प आहे, त्यांनी वर्षभर आधी या डोंगरापासून आरंभ करावा.

काही सावधगिरी

सह्याद्रीच्या कड्यांवर आणि जुन्या वास्तूंच्या कोनाड्यांत आग्या मोहोळे असतात. तेथे दगड मारणे, धूर करणे, आरडाओरडा करणे कटाक्षाने टाळावे. उग्र अत्तरेही लावून जाऊ नये. माश्या उठल्याच तर हात न झाडता मुलांची डोकी-तोंडे कापडाने झाकून त्या जागेपासून त्वरेने दूर जावे. हिवाळ्याच्या सकाळी साप उन्हास येऊन पडतात. दगडांच्या फटीत हात घालू नये, आणि बसण्यापूर्वी काठीने जागा हलवून पाहावी. गडांवरील विहिरी-टाक्यांना कठडे असतीलच असे नाही, तेथे मुलाचा हात सोडू नये. तटाच्या कडेवर उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह मोठ्यांनीच आवरावा. मुले आपलेच पाहून करतात.

वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते आणि त्या वणव्यात किती जीव होरपळतात याची गणना नाही. आपण पाणी गाळून पिणारे लोक. डोंगरावर शेकोटी पेटविणे आपल्यास शोभणारे नव्हे. नेलेला प्रत्येक कागद आणि पिशवी परत आणावी. आम्ही नातवंडांस ‘वाटेत एकही कणीस, एकही फूल विनाकारण तोडावयाचे नाही’ असा त्या दिवसापुरता नियम देतो. मुलांना नियम पाळणे जड जात नाही, हे मी एका नऊ वर्षांच्या मुलाकडून शिकलो आहे.

गेल्या जानेवारीत

शेवटी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. गेल्या जानेवारीत माझी मुलगी सासरहून आपल्या सहा वर्षांच्या लेकीस घेऊन माहेरी आली होती. ‘अण्णा, आपण वैजनाथाला जाऊ या,’ असे तिनेच म्हटले. मी काहीसा चपापलो, परंतु नाही म्हणालो नाही. आदल्या दिवशीच पेढीच्या दारावर ‘उद्या बंद’ अशी पाटी लावली. एक गाडी माल यावयाची होती. ती एक दिवस पुढे ढकलण्यास सांगितले. सात वाजता आम्ही निघालो.

देऊळ पाहून महिपालगडाच्या वाटेस लागलो. नातू पुढे उड्या मारीत होता. वाट दोन-तृतीयांश झाली असेल, तेव्हा नात एका दगडावर बसली आणि ‘मी दमले’ म्हणाली. बूट जुने होते, पाणी होते, ऊन कोवळे होते. ती केवळ दमली होती. घड्याळात साडेअकरा झाले होते आणि गड डोळ्यांसमोर दिसत होता. चिरंजीवाने माझ्याकडे पाहिले. तो काही बोलण्यापूर्वीच मी म्हणालो, ‘चला, परत फिरू या.’

मुलगी लेकीशेजारी दगडावर बसली आणि हसू लागली. ती का हसते हे मुलांस कळले नाही. आम्हां मोठ्यांस कळले. तेथेच लाडू खाऊन आम्ही सावकाश उतरलो. दुपारी देवळाच्या सावलीत मुले खेळली, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून दगड गोळा केले. पाच वाजता पायथ्याशी चादर अंथरून शिदोरी सोडली. सूर्य अजून बराच वर होता. चिरंजीवाने पहिली भाकरी माझ्या पानावर वाढली, दुसरी स्वतः घेतली आणि अगदी सहज म्हणाला, ‘अण्णा, आज भरपूर वेळ आहे. सावकाश जेवा.’

१९९६ नंतर मी महिपालगड अद्याप पाहिलेला नाही. पुढच्या हिवाळ्यात नात सात वर्षांची होईल, तेव्हा पाहू. सभासद बंधूंना आणि भगिनींना माझी विनंती एवढीच की, या हिवाळ्यात एक दिवस आपल्याही पेढीच्या दारावर ‘उद्या बंद’ अशी पाटी लागू द्या. त्या एका दिवसाच्या विक्रीची तूट मार्चअखेरच्या ताळेबंदात शोधूनही सापडत नाही; मी माझ्या वह्यांत पाहिले आहे.